डावीकडे ढळणारी मांड

नॉकडेरी, लिमरिक, आयर्लंड
रविवार, ४ नोव्हेंबर १९३४

माझ्या लाल कोटाच्या मॅलकीला चुलीपाशी बसलेल्या आजीचा गालाला कडकडून चिमटा.

डिनी पोस्टमनने तुझं पत्र दिलं तेव्हा माझे हात कणकेत होते. त्यालाच म्हटलं, फोड आणि वाच. वाचता वाचता तो थांबला आणि म्हणाला, "हनोराबाई, तुमचा नातू दुसरा चाबूकवाला झाला!" मी त्याच्या गालाचा मुका घेतला रे, कणकेच्या हाताने. आता तो फाटकाबाहेरूनच पत्र टाकतो.

नेली शानहनला सांगायला गेले तर ती म्हणते, चाबूकवाला म्हणजे कुत्री हाकणारा ना? मी म्हटलं, बाई, पन्नास शिकारी कुत्र्यांच्या मागे रानोमाळ घोडा फेकायचा, भरकटलेलं कुत्रं वळवून आणायचं, राईच्या पलीकडे एकट्याने उभं राहून कोल्हा कुठून निसटतो ते बघायचं, हे तुझ्या मायकेलला सायकलवर तरी जमेल का? चहासुद्धा दिला नाही तिने.

आता कान दे. आपल्याकडे बांध असतात. घोडा बांधावर चढतो, माथ्यावर टेकतो, पाय बदलतो, मग पलीकडे उतरतो. माणसाला श्वास घ्यायला जागा असते. तिकडे इंग्लंडात थॉर्पलीला काटेरी कुंपणं आणि एका झेपेत पार, मध्ये थांबा नाही. चढताना घोड्याच्या आड येऊ नकोस. उतरताना टाचा पुढे, पाठ मागे, आणि लगाम बोटांतून सुटू दे. लगामाला लटकणारा माणूस घोड्याच्या तोंडावर बसलेला असतो, पाठीवर नसतो. हे मी तुला पेगी घोडीवर उघड्या पाठीने बसवून, हाताची घडी घालायला लावून शिकवलं होतं. तेव्हा रडायचास मेल्या. आता शिकारसंघाचा लाल कोट मिळाला!

आजोबा असते तर पिऊन पडले असते आनंदाने. आनंद नसता तरी पडले असते म्हणा.

तुझी आजी
हनोरा काँडन


थॉर्पली, लेस्टरशायर
२५ नोव्हेंबर १९३४

आजी,

डिनीची मला दया येते.

इथली जमीन वेगळीच आहे. कुरणांतसुद्धा जुन्या नांगराचे सरी-वरंबे आहेत, गवताखाली दडलेले. त्यांच्यावरून दौडायचं म्हणजे होडीत बसल्यासारखं होतं, वर खाली, वर खाली. मुख्य शिकारी टकवेल म्हणतो, वरंब्यांना तिरका घोडा घाल आणि पोटातलं पाणी हलू देऊ नकोस. कमी बोलतो, पण वाईट माणूस नाही.

पहिला चाबूकवाला हॉब्ज वसंतात निवृत्त होतोय. टकवेलने सरळ सांगितलंय की सीझन नीट काढलास तर ती जागा तुझी. त्या जागेबरोबर कुत्र्यांच्या घरामागचं कॉटेज मिळतं. विनीला, म्हणजे बेकरीतल्या त्या विनीला, मी ते बाहेरून दाखवून आणलं. तिने आत्तापासूनच पडदे ठरवलेत.

महिन्याच्या सुरुवातीला एकदा घोडा खड्ड्यात उलटला. मी जरा वेळ झोपलो होतो म्हणतात. आता ठीक आहे. डावा कान थोडा वाजतो, बस.

एक विचारायचं होतं. तबेल्यात पर्की म्हणून नवा गडी आलाय. बसतो चांगला, पण दौडीत त्याची मांड डावीकडे ढळते. त्याला कळतच नाही. काय करावं?

मॅलकी


नॉकडेरी
२ डिसेंबर १९३४

सोन्या,

मला विचारलंस! त्या एवढ्या मोठ्या इंग्रज तबेल्यात अडलं तर नॉकडेरीच्या म्हातारीला विचारतात! मी हे पत्र नेलीसमोर दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा ती मुद्दाम कोंबड्यांना हाका मारत होती.

पर्कीला म्हणावं, दोष तुझा नाही, पट्ट्याचा आहे. सगळं जग घोड्यावर डावीकडून चढतं. रोज रोज त्या एकाच रिकिबीवर भार पडून तिचा पट्टा ताणतो. डावा लांब झाला की माणूस डावीकडे ओघळणारच. दोन्ही पट्टे काढा, डावा उजवीकडे लावा, उजवा डावीकडे. आजोबा दर महिन्याला बदलायचे. फाटका कोट मात्र जन्मभर बदलला नाही.

आणि तू झोपला होतास म्हणजे काय? घोड्याखाली कोणी झोपतं का? कानात भाजलेल्या कांद्याचा गाभा कोमट करून घाल. वास येईल, पण विनीची परीक्षाही होईल. नाक मुरडलं तर पडदे परत करायला सांग.

विनी कशी आहे? दात कसे आहेत? दात बघावेत रे. मी माणसांतसुद्धा आधी तेच बघते.

तुझी आजी


थॉर्पली
१६ डिसेंबर १९३४

आजी,

विनीचे दात छान आहेत. कांदा घातला. तिने नाक नाही मुरडलं, पोट धरून हसली.

पट्टे बदलले. पर्कीला फरक नाही. सरळ जाताना बरा असतो. पण मान वळवली की संपलं. आणि चाबूकवाल्याला मान सारखी वळवावी लागते, मागे राहिलेली कुत्री मोजायला. तो सांगतो की मागे वळून बघितलं की जमीन डावीकडून वर उठून येते, आणि पुढे बघेपर्यंत घोडा कुठल्या बाजूला आहे तेच कळत नाही. परवा सरी-वरंब्यांवर तो आयाळ धरूनच राहिला.

खोगीर वाकडं असेल का? आणि तू कधी अशा माणसाला बसवलंयस का?

मॅलकी


नॉकडेरी
३० डिसेंबर १९३४

सोन्या,

नाताळ झाला. बदक भाजलं, अर्धं मीच खाल्लं, उरलेलं नेलीकडे पाठवलं आणि तिने रिकामी थाळी परत पाठवताना खाली एक सफरचंद ठेवलं होतं. म्हणजे समेट झाला असं मी धरते.

खोगीर बघा. उलटं करून लाकडी सांगाड्यावर मुठीने ठोका, एका बाजूने पोकळ आवाज आला तर तो मोडलेला. ते नसेल तर घोड्याची पाठ बघा, त्यालाच एका बाजूने दुखत असेल आणि तो गड्याला झटकत असेल. घोडा बदलून बघा. ते सगळं ठीक निघालं तर मग माणूस बघा. लोक उलटं करतात, आधी माणसाला शिव्या देतात.

आणि मला सांग, तो गडी जमिनीवर कसा चालतो? आजोबांकडे एक कुत्री होती, तिच्या कानात सडलं होतं. मान तिरकी करून गोल गोल फिरायची बिचारी, आणि खायला वाकली की ताटलीतच पडायची. डोळे तेवढे शाबूत, म्हणून उजेडात निभायची. अंधारात उंबऱ्यावर बसून राहायची, हलायचीच नाही. पर्कीचं असं काही आहे का?

पत्र मोठं लिही. तुझी पत्रं आखडत चाललीत. विनीला सांग मी तिला लोकरीचे मोजे विणते आहे. एक झाला. दुसरा त्याच्याएवढा होईल असं वाटत नाही.

तुझी आजी


थॉर्पली
१३ जानेवारी १९३५

आजी,

खोगीर ठीक आहे. तीन घोडे बदलले.

जमिनीवर तो दिवसा नीट चालतो. सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की भिंतीवर आपटतो. अंधारात भिंतीला हात लावून जातो. पण तू एवढं सगळं विचारू नकोस. घोड्यावर कसं बसायचं तेवढं सांग.

मॅलकी


नॉकडेरी
२० जानेवारी १९३५

मॅलकी,

पर्की म्हणून कोणी नाही.

मी गेला आठवडाभर त्या पर्कीचा विचार करत होते, भाकरी थापताना, कोंबड्या कोंडताना. टकवेलसारखा माणूस डावीकडे ढळणाऱ्या नव्या गड्याला एक दिवस ठेवील, दुसऱ्या दिवशी फावडं देऊन लीद काढायला लावील. महिना महिना कोण सांभाळतो? त्याच्यासाठी पट्टे, खोगीर, तीन तीन घोडे कोण बदलतं? लपवणाराच बदलतो. आणि कुत्री मोजायला मागे वळून बघणारा नवा गडी नसतो, चाबूकवाला असतो. मीच खुळी. मला विचारलंस याच्या आनंदात दोन महिने मला काही दिसलंच नाही.

घोड्यावरून उतर. उद्याच टकवेलला सांग. कानातली ती तोलाची जागा मोडली असेल तर ती मांडीने भरून निघत नाही. तू मला नीट माहीत आहेस, तू बसशील. बसशील, बसशील आणि एक दिवस बसणार नाहीस. खाली येताना तुला वर कुठे आणि खाली कुठे हेच कळणार नाही, म्हणजे हात पुढे करायचंही कळणार नाही.

मी रागावलेली नाही. ये घरी. पेगीला तुझी आठवण आहे, म्हणजे ती चावते कोणालाही, पण तुला प्रेमाने चावेल.

आजी


थॉर्पली
३ फेब्रुवारी १९३५

आजी,

हो. मीच.

आता माझंही ऐक. इथे उतरलो तर काय होतं ते मी रोज बघतो. माझ्याआधी होता तो मनुष्य पाय मोडून उतरला. आता तो शिकारीच्या दिवशी फाटकं उघडायला उभा असतो आणि आम्ही त्याच्या अंगावर चिखल उडवत जातो. सगळे त्याला हसून हाक मारतात, "काय रे नेड, पाय कसा आहे?" आणि उत्तराला कोणी थांबत नाही.

मार्चअखेर सीझन संपतो. मग पहिल्या चाबूकवाल्याची जागा, कॉटेज, लग्न. त्यानंतर उन्हाळाभर कुत्र्यांना पायीच फिरवायचं असतं. तोवर कान बरा होईल. विनीने बेकरीत सांगूनसुद्धा टाकलंय. तिला यातलं काही माहीत नाही. कोणालाच नाही.

तू मला उतर म्हणालीस तर मी उतरणार नाही. शिकवलंस तर निदान नीट बसेन. बघ काय करायचं ते.

मॅलकी


नॉकडेरी
१० फेब्रुवारी १९३५

मॅलकी,

बरं. मी कोणाला काही सांगत नाही. आणि तू बसणारच असशील तर चुकीचं बसू नकोस.

घोड्याच्या गळ्यात एक पट्टा बांध, जुन्या रिकिबीचा चालेल. दोन बोटं कायम त्यात. लगाम तोलासाठी धरायचा नाही, ते तोंड त्याचं आहे. रिकिबी दोन भोकं लांब कर आणि खोगिरात खोल बस. आजकालच्या पोरांसारखं घोड्याच्या मानेवर ओणवं व्हायचं नाही, ते तोल असलेल्यांनी करावं. सरी-वरंब्यांवर पोट सैल सोड आणि कंबर घोड्याबरोबर जाऊ दे. ताठ माणूस आधी पडतो.

लांबचं एक काहीतरी डोळ्यांनी धर. झाड, चर्चचा मनोरा, काहीही, पण उभं. ते सोडायचं नाही. मान वळवायची नाही, मागे बघायचं असेल तर अख्खा घोडा वळव. वेळ जाईल, जाऊ दे. उतारावर सरळ खाली जा, तिरका कधीच नाही. सरळ घसरलेला घोडा ढुंगणावर बसतो, तिरका घसरलेला तुझ्यावर. धुकं असेल त्या दिवशी दात दुखतोय म्हण, पोट बिघडलंय म्हण, माझी अंत्ययात्रा आहे म्हण. धुक्यात जायचं नाही. संधिप्रकाशात जायचं नाही. तुझे डोळे हाच आता तुझा कान.

हे लिहिताना मला मजा वाटायला हवी होती. एवढं मन लावून माझं कोणी कधी ऐकलेलं नाही.

विनीचा दुसरा मोजा झाला. लहान झाला.

आजी


थॉर्पली शिकारसंघ, कुत्र्यांचं घर
२४ फेब्रुवारी १९३५

काँडनबाईंस,

तुमचं दहा तारखेचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला कारण मला लिहायची सवय नाही.

तुम्ही जे कळवलंत ते मला नोव्हेंबरपासून माहीत आहे. माणूस मागे बघताना आयाळ धरायला लागला की मला कळतं. म्हणून मी त्याला करडा घोडा दिला. करडा स्वतःची आणि वरच्याची दोघांची काळजी घेतो. याहून जास्त मला करता येत नाही. मी मालकांना सांगितलं तर त्याला त्याच आठवड्यात खोली सोडावी लागेल, आणि भर सीझनमध्ये मला दुसरा माणूस मिळणार नाही. हॉब्जला डाव्या डोळ्याने दिसत नाही, हे मी आठ वर्षं मालकांना सांगितलेलं नाही. मला स्वतःला हर्निया आहे. बाई, आमच्या धंद्यात शाबूत माणूस शोधायला गेलात तर शिकार बंद पडेल.

मुलगा चांगला आहे. त्याची मांड मी पाहिलेल्यांत उत्तम आहे. तुमची शिकवण, असं तो सांगतो.

हे पत्र जाळावं.

आपला
जोसाया टकवेल


लेस्टर
३१ मार्च १९३५

आजी,

शेवटचं लिहितो आहे, तर नीट लिहितो.

त्या शनिवारी सराईपुढच्या चौकात सगळा शिकारसंघ जमला होता. मालक, त्यांच्या बाया, शेतकरी, अर्धं गाव. विनी बेकरीच्या दारात उभी होती, पिठाच्या हातांनी. मी कुत्र्यांच्या मागे करड्यावर. आणि काळी शाल पांघरलेली एक म्हातारी घोड्यांच्या पोटाखालून आल्यासारखी गर्दीतून बाहेर आली. आयुष्यात लिमरिकच्या बाजाराबाहेर न गेलेली माझी आजी! मला वाटलं भास झाला. मला हसूच आलं. खरं सांगतो, क्षणभर मला एवढा आनंद झाला.

तू म्हणालीस, "मॅलकी, खाली उतर."

आणि मी उतरलो. चार वर्षांचा असल्यापासून त्या आवाजावर मी घोड्यावरून उतरत आलोय. विचार करायच्या आत पाय जमिनीवर होते.

"टोपी काढ. पाय जुळव. हात खाली."

लोक हसत होते. कोणीतरी म्हणालं, "चाबूकवाल्याला चाबूक मिळाला!" मालकसुद्धा हसले. मग तू म्हणालीस, "आता डोळे मीट."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण सगळे बघत होते, आणि मला वाटलं, एवढंसं तर आहे, एक दोन श्वास, निभेल. नाही म्हटलं असतं तरी सगळ्यांना कळलंच असतं. तुला ते माहीत होतं. तू ते ठरवूनच आली होतीस.

पुढचं मला आठवतं ते खडीला टेकलेला गाल आणि करड्याचा खूर. एकही माणूस हसत नव्हता. मालकांनी विचारलं, "हे कधीपासून?" मी टकवेलकडे बघितलं. टकवेल आपल्या बुटांकडे बघत होता. मालक म्हणाले, "घोडा घ्या त्याच्याकडून." माझ्या हातातून लगाम दुसऱ्याने घेतला. तू उचलायला वाकलीस तेव्हा मी तुझा हात झटकला, तो मुद्दामच. वेळ झाली तशी शिंग वाजलं, सगळे निघून गेले, आणि चौकात तू, मी आणि घोड्यांची लीद.

खोली सोडली. इथे बुटांच्या कारखान्यात बसून तळवे चिकटवतो. बसून करायचं काम आहे, तुला बरं वाटेल. विनी एकदा आली, नंतर आली नाही.

एकच आठवडा उरला होता, आजी. एक आठवडा!

मला लिहू नकोस.

मॅलकी काँडन


नॉकडेरी
रविवार, २८ एप्रिल १९३५

मॅलकी,

लिहू नकोस म्हणालास. मी कधी कोणाचं ऐकलंय?

महिनाभर मात्र थांबले. आज ईस्टरनंतरचा रविवार, बाहेर ऊन आहे, पेगीने डिनीची टोपी खाल्ली. त्याने अख्ख्या वाटेवर तिला इंग्रजांच्या राजापासून सगळ्यांच्या नावाने शिव्या घातल्या. मी दारात बसून हसले, मग एकटीच हसते आहे असं लक्षात आलं.

तू सांगितलंस ते खरं आहे. मी ठरवूनच आले होते. टकवेलला मी चोरून लिहिलं होतं, आणि कोणाला सांगणार नाही म्हणून तुला खोटं सांगितलं होतं. त्याचं उत्तर आलं तेव्हा कळलं की तिथे प्रत्येकाला माहीत आहे आणि प्रत्येकजण बुटांकडे बघतो. कोपऱ्यात घेऊन मालकांना सांगितलं असतं तर त्यांनी तुला बोलावून विचारलं असतं, काय रे, ठीक आहेस ना? तू म्हणाला असतास, हो साहेब. टकवेलने मान डोलावली असती. आणि म्हातारीला चहा देऊन गाडीत बसवलं असतं.

तरीही मी कदाचित परत फिरले असते. हे तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. त्या सकाळी मी चौकात येण्याआधी गावाबाहेरच्या वळणावर कुंपणाआड उभी होते. तुम्ही कुत्री घेऊन आलात. मॅलकी, काय बसला होतास रे तू! पाठ, टाचा, हात, सगळं. मी तोंडावर शाल दाबून धरली, नाहीतर ओरडले असते आनंदाने. मनात म्हटलं, हनोरा, उगाच आलीस, या पोराला काही झालेलं नाही, जा, विनीचे दात बघ आणि गुमान घरी जा.

मग दिसलं की तू कुत्र्यांकडे बघतच नाहीस. समोरच्या चर्चच्या मनोऱ्याकडे बघतोयस. एक कुत्रं खड्ड्यात उतरलं, तुझ्या रिकिबीखालून, तुला कळलं नाही. आणि वळणावर मनोरा झाडामागे गेला, तर तुझा हात आयाळीत गेला, असा, पाण्यात बुडणारा काठ धरतो तसा, आणि तोंड पांढरंफटक झालं. मनोरा परत दिसेपर्यंत तू श्वास घेतला नाहीस. चालत्या घोड्यावर, सपाट रस्त्यावर! ती मांड नव्हती रे. ते मी लिहिलेलं पत्र घोड्यावर बसलं होतं. त्यात तू कुठे नव्हतास.

एक आठवडा उरला होता म्हणतोस. मग जागा मिळाली असती, आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा सीझन आला असता. मग पोर झालं असतं, त्याच्यासाठी अजून एक सीझन. हॉब्ज आठ वर्षं असाच एक एक आठवडा करत आला.

विनीचं मला कळलं. तिने मला लिहिलं आहे. ती येणार नाही, राजा. तू पडलास याचा तिला राग नाही. ती म्हणते, मी पडदे शिवत होते आणि हा मला रोज सांगत होता की कान बरा आहे. मी तिला दुसरं काही लिहिलं नाही, फक्त मोजे पाठवले. एक लहान, एक मोठा.

कॉटेज गेलं, ती गेली, घोडा गेला. हे तीन मी तुझ्याकडून काढून घेतले, माझ्या हाताने, चारचौघांत. त्याबद्दल मी क्षमा मागणार नाही, कारण उद्या तसंच असेल तर मी उद्याही तेच करीन. तू रागाव. मोठमोठ्याने रागाव, शिव्या दे, पण भिंतीला टेकून दे, मेल्या, एका खुर्चीवर चढून देऊ नकोस. अंधारात जिना उतरताना तोंड भिंतीकडे आणि पाऊल आडवं टाक. कारखान्यातून परतताना दिवे लागायच्या आत नीघ.

आणि उत्तर लिहू नकोस, लिहायचं नसेल तर. मी इथे काय करते सांगू? रोज दुपारी डिनी वळणावर दिसला की हातातलं काम टाकते. मी फाटकाशी जाते आणि आधी त्याच्या हाताकडे बघते, काळ्या किनारीचं, कोणी गेल्याचं कळवणारं पाकीट आहे का म्हणून. तो लांबूनच ओरडतो, "आजही काही नाही, हनोराबाई!" त्याला वाटतं मला वाईट वाटत असेल. आणि मी एवढी खूश होते रे, एवढी खूश होते, की त्याला आत बोलावून चहा देते.

आजी